दुपारी बंद केलेला मेन स्विच

मागच्या वर्षी माझी नात पाचवीत होती. तिनं शाळेच्या कपाटातून एक पुस्तक आणलं आणि त्यानंतर महिनाभर मला दुपारची झोप लागली नाही.

पुस्तक गोष्टींचं नव्हतं. घरच्या घरी करायचे प्रयोग होते. फुग्यावर पळणारी गाडी, डब्यांचा टेलिफोन, लिंबावर पेटणारा बारका दिवा, खिळ्याचं लोहचुंबक. एका पानावर चित्र आणि समोरच्या पानावर सामान नि कृती, जशी लोणच्या-पापडाच्या पुस्तकात असते तशी. आणि प्रत्येक प्रयोगाखाली चौकटीत एकच ओळ छापलेली : हा प्रयोग मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करावा.

आमच्या घरात दुपारी मोठं माणूस म्हणजे मी. मुलगा चाकणला एका कंपनीत मेंटेनन्समध्ये इलेक्ट्रिशियन आहे. सून भोसरीला ऑफिसात जाते. नातीची शाळा सकाळची. पाऊणच्या सुमाराला ती घरी येते, तिथून मुलगा येईपर्यंत आम्ही दोघीच. चिखलीत आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, तळमजल्यावर आणि बाजूला सगळी वर्कशॉप. माझं शिक्षण चौथी. ओळीखाली बोट धरून वाचते, पण वाचते. ती चौकटीतली ओळ मी पहिल्याच दिवशी वाचली आणि मला ती आवडली नाही. लिहिणारा मोकळा झाला होता. उद्या पोरीच्या हाताला काही झालं तर विचारणार मला.

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. बाईंनी सांगितलं होतं की पुस्तकातला एक प्रयोग निवडायचा आणि स्वतःच्या हातानं करायचा. आमच्या भागात स्वतःच्या हातानं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. निम्म्या पोरांचे बाप कंपनीत. आदल्या वर्षी वर्गातल्या एकाचा पूल आला होता तो टूलरूममध्ये कापलेला, वर पावडर कोटिंग केलेला. पोराला स्क्रू कुठं आहे तेही सांगता येत नव्हतं. माझ्या नातीला तसलं नको होतं. तिला खिळ्याचं लोहचुंबक करायचं होतं, आणि एकटीनं करायचं होतं.

मुलानं पुस्तक चाळून सांगितलं की फुग्याचं, लिंबाचं खुशाल कर, वायरीचं माझ्या सुट्टीला. त्याची सुट्टी गुरुवारी. पहिला गुरुवार ओव्हरटाइममध्ये गेला, दुसराही गेला. पोरगी रोज त्याच्या तोंडाकडं बघायची. शेवटी तोच वैतागून म्हणाला की सेलवर करायचं तर कर, सेलनं शॉक बसत नाही, पण प्लगकडं हात गेला तर पुस्तक दुसऱ्या दिवशी शाळेत परत. हे तो नातीकडं बघून बोलला, पण ऐकवलं मला.

तो उगाच घाबरवणारा माणूस नाही. त्याच्या लाइनवरच्या एका माणसाचा हात विजेच्या पॅनेलमध्ये भाजला, तो हात मी एका लग्नात पाहिला आहे. त्या माणसाला अक्षता टाकतानाही मूठ उघडता येत नव्हती. त्यामुळं वायर म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर तीच मूठ येते.

सामानात लिहिलं होतं : एक लांब खिळा, दोन मीटर वायर, एक सेल, टाचण्या. वायर मी दिली. मी चौदा वर्षं इथल्याच एका शेडमध्ये मोटारीच्या कॉइल गुंडाळल्या आहेत. आम्ही सात बायका होतो. फर्म्यावर तार चढवायची, वेढे मोजायचे, दोऱ्यानं बांधायचं आणि ट्रेमध्ये ठेवायचं. काम सोडताना उरलेलं एक रीळ घरी आणलं होतं. तांब्याची बारीक तार, केसांपेक्षा जरा जाड. केरसुणी बांधायला, खिडकीची जाळी अडकवायला इतकी वर्षं तीच वापरत होते.

कृतीत पहिलं वाक्य होतं की वायरीची दोन्ही टोकं सोलून घ्यावीत. नातीनं विचारलं, काय सोलायचं. मी चित्र बघितलं. चित्रातली वायर लाल प्लॅस्टिकची होती. आमच्या तारेवर प्लॅस्टिक नव्हतंच, लखलखीत तांबं. मी सांगितलं, ही सोललेलीच आहे, पुढचं वाच.

गुंडाळायला मी शिकवलं. वेढ्याला वेढा चिकटून, वर चढू द्यायचा नाही. पोरीचा हात चांगला आहे. दोन वेळा उलगडायला लावलं, तिसऱ्यांदा असं बसलं की शेडमध्ये मालकानं परत पाठवलं नसतं. मग टोकं सेलला लावली आणि खिळा टाचण्यांवर धरला. एकही टाचणी हलली नाही.

नवीन सेल आणले. दोन जोडले, तीन जोडले. रिमोटचे काढले, घड्याळाचा काढला. टाचण्या तशाच. चार दिवस हेच. पोरगी जेवायला बसली तरी डोळे खिळ्यावर. पुस्तकात पुढं लिहिलं होतं की विजेचा जोर वाढवला तर चुंबकाचा जोर वाढतो. हे वाक्य तिनं मला दोनदा वाचून दाखवलं. पाचव्या दिवशी मी भांडी घासत होते, ती ओट्याला टेकून उभी होती, आणि तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं,

"आजी, प्लगमध्ये किती सेल असतील?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिला सांगितलं की प्लगमध्ये सेल नसतात, आणि पुन्हा असलं बोललीस तर खिळा खिडकीतून फेकीन. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला ओळखता येतं. तिचा बापही लहानपणी असाच गप्प बसायचा आणि मग जे करायचं तेच करायचा.

मुलाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुस्तक गेलं असतं, आणि ते जावं असं मला वाटत नव्हतं. चौथीनंतर माझं पाटी-दप्तर उचलून कपाटावर ठेवलं होतं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. त्याचं रडगाणं गायची मला सवय नाही, पण पोरीच्या हातातलं पुस्तक काढायला माझा हात झाला नाही.

मग मी माझी युक्ती काढली. मेन स्विच आमच्या पॅसेजमध्ये चपलांच्या रॅकच्या वर आहे. माझा हात पुरत नाही. जेवण झालं, पोरगी तोंड धुवायला गेली की मी लाटण्यानं मेन स्विच खाली पाडायची. तिला सांगायची, लाईट गेली. साडेतीनला ती खाली खेळायला गेली की लाटण्यानंच वर करायची. प्लगमध्ये वीजच नाही म्हटल्यावर तिनं काहीही केलं तरी काय होणार, असा माझा हिशेब.

फेब्रुवारी संपत आला होता, दुपारी घरात उकडायचं. मी पुठ्ठ्यानं वारा घेत बसायची. दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं की खालच्यांचा टीव्ही कसा चालू आहे. मी म्हटलं, त्यांच्याकडं इन्व्हर्टर आहे. ती म्हणाली, त्यांच्याकडं नाहीये, आणि माझ्याकडं बघत राहिली. मी दुसरीकडं बघितलं. तरी माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मधूनच उठून आतल्या खोलीत डोकावायची, तिचे हात कुठं आहेत ते बघायची. एकदा ती नुसतं नखं खात बसली होती तरी मी तिचा हात तोंडातून ओढून काढला.

आठवड्यात दोनदा दूध नासलं. तिसऱ्यांदा श्रीखंडाला बांधायला ठेवलेलं दही आंबट ढोण झालं. सुनेनं फ्रिज बिघडला असं गृहीत धरलं आणि मेकॅनिकला फोन केला. तो बुधवारी तीनला येतो म्हणाला. मी ठरवलं, पावणेतीनला मेन स्विच वर करू, फ्रिज गार होऊ दे, माणूस येईल, बघेल आणि जाईल.

तो दोनलाच आला.

बेल वाजत नव्हती म्हणून त्यानं दार ठोकलं. "मावशी, फ्रिजवाला." मी दचकून उठले. दार उघडायच्या आधी लाटणं घेतलं आणि मेन स्विच वर केला. पंखा फिरायला लागला. फ्रिज घुरघुरला. आणि आतल्या खोलीतून नातीचा आवाज आला,

"आजी, लाईट आली, पण खिळा चिकटत नाहीये."

मला ते वाक्य समजायला एक क्षण लागला. मी आत गेले. ती भिंतीपाशी उकिडवी बसली होती. खालच्या प्लगच्या दोन भोकांत माझी तांब्याची तार गेलेली, तार हलू नये म्हणून बाजूला काडेपेटीच्या काड्या खोचलेल्या. सोसायटीच्या गणपतीला दिव्यांच्या माळा लावणारा माणूस तसंच करतो, ते तिनं पाहिलं होतं. प्लगचं बटण चालू. आणि खिळा तिच्या उजव्या हातात.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर तिचा हात हलला असता. मी म्हटलं, हलू नकोस, आणि पॅसेजमध्ये गेले. लाटणं कुठं ठेवलं ते मला दिसेना. ते माझ्याच हातात होतं. दोनदा स्विचवर मारलं, दोन्ही वेळा चुकलं. तिसऱ्यांदा पडला. पंखा बंद होईपर्यंत मी तिथंच उभी होते. मग आत जाऊन तिच्या हातातून खिळा काढून घेतला आणि तिला एक ठेवून दिली. तिला आधी मार बसला, मग ती घाबरली.

मेकॅनिक दारातच उभा होता. बोलावं की जावं ते त्याला कळत नव्हतं. चाळिशीचा माणूस, लातूरकडचा. मी त्याला आत बोलावलं आणि प्लग दाखवला. त्यानं आधी बटण बंद केलं, मग काड्या काढल्या, मग तार काढली. नातीचे हात उलटेसुलटे करून बघितले. खिशातून ब्लेड काढून तारेचं टोक खरवडलं आणि मला दाखवलं. खरवडलं तिथं तांबं फिकट गुलाबी निघालं. बाकीची तार त्याच्यापुढं गडद दिसत होती.

"मावशी, ह्याच्यावर वार्निश आहे. ते खरवडलं नाही म्हणून वीज आत गेली नाही. खरवडलं असतं तर मी आत्ता फ्रिज बघायला थांबलो नसतो, हिला घेऊन दवाखान्यात पळालो असतो."

मी म्हटलं, मी चौदा वर्षं ही तार गुंडाळली आहे.

"मग तुम्हाला ठाऊक नाही?"

नव्हतं. तो हसत नव्हता, पण मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. शेडमध्ये आम्ही बायका गुंडाळायचो. ट्रे भरला की पलीकडच्या बेंचवर जायचा. तिथं दोन माणसं होती. टोकं ती काढायची, जोडायची, मोटार फिरवून बघायची. मधे पत्र्याची आडभिंत होती. त्या माणसांच्या हाताशी ब्लेड असायचं हे मला आठवलं. कशाला असायचं, ते मी कधी विचारलं नाही. आम्हाला वेढ्यांवर पगार होता. इतक्या कॉइल केल्या, त्यातली एक फिरताना मी पाहिली नाही.

त्यानं दुसरं टोकही खरवडलं, तारेला सेल जोडून खिळा नातीकडं दिला. एकदम चार-पाच टाचण्या खिळ्याला लटकल्या. रडून लाल झालेलं तोंड तसंच ठेवून ती टाचण्या बघत राहिली. मला त्या क्षणी टाचण्यांचं काही वाटलं नाही. मी पलंगावर बसले.

फ्रिज त्यानं उघडलाच नाही. मी त्याला खरं काय ते सांगितलं होतं. जाताना तो म्हणाला की मी घरात काही बोलणार नाही. नातीनंही तेच सुचवलं, कानाशी येऊन : बाबांना नको सांगू, मी पण नाही सांगणार. मला क्षणभर ते बरं वाटलं. मग लक्षात आलं की दहा वर्षांची पोरगी माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झाली आहे, आणि ते शिकवलं मीच. आठ दिवस मी तिच्याशी रोज दुपारी खोटं बोलत होते. खालच्यांकडं इन्व्हर्टर नाही हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तिला लाईट कोण घालवतं तेवढं कळलं नव्हतं. बाप सांगतो ना, की वायरीला हात लावायच्या आधी लाईट बंद पाहिजे. लाईट बंद होती. म्हणून तिनं वायर खोचली. बापाचंच ऐकलं होतं.

मुलगा साडेचारला आला. त्याला चहा दिला आणि समोर बसून सगळं सांगितलं. काही कमी केलं नाही. लाटण्याचंही सांगितलं. तो कप हातात धरून ऐकत होता, चहा प्याला नाही. मग उठला, पोरीला जवळ ओढलं, तिच्या बोटांची टोकं एकेक करून दाबून बघितली. मेकॅनिकनं बघितली होती, मी बघितली होती, तरी त्यानं पुन्हा बघितली. मग पॅसेजमध्ये जाऊन मेन स्विचखाली उभा राहिला. माझ्याकडं पाठ होती.

मी म्हटलं, पुस्तक परत करू नको. चूक पुस्तकाची नाही. त्यात लिहिलं होतं टोकं सोला, मी म्हटलं सोललेली आहेत. त्यात लिहिलं होतं देखरेख करा, मी चोरून वीज घालवली.

तो वळला. आवाज चढवला नाही, पण असा बोलला की मला तो माझा मुलगा वाटेना, कुणाचा तरी साहेब वाटला.

"आई, आमच्याकडं स्विच बंद केला की त्याला कुलूप लावतात. आणि किल्ली, ज्याचा हात आत आहे त्याच्या खिशात. मॅनेजर आला तरी त्याला ती किल्ली मिळत नाही. तू बंद केलास, हात तिचा होता, आणि चालू केलास तो तू."

सून सहाला आली, तिला त्यानं सांगितलं. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. मला एक शब्द बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर महिनाभर बोलले नसते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मुलानं ओव्हरटाइम नाकारला. खालच्या प्लगांना झाकणं बसवली, मेन स्विचच्या डब्याला कडी केली आणि एक छोटं पितळी कुलूप आणलं. घरात नियम असा झाला की वायरीचा प्रयोग असेल तेव्हा मेन स्विच बंद, कुलूप लावलेलं आणि किल्ली पोरीच्या गळ्यात. तिनं सगळ्या वायरी मोजून डब्यात परत टाकल्या की तीच कुलूप काढणार. प्रयोग अर्ध्या तासाचा, तेवढ्यानं दुधाला काही होत नाही. मी विचारलं, किल्ली माझ्याकडं का नको. तो म्हणाला, "कारण तुला भीती वाटली की तू चालू-बंद करतेस."

प्रदर्शनात खिळ्याला नंबर मिळाला नाही. रिमोटवर चालणाऱ्या गाडीला मिळाला, ती कुठल्या कंपनीत झाली ते सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी नातीला विचारलं की टोकं का खरवडायची, तेव्हा तिनं बरोबर सांगितलं. घरी येऊन मलाही सांगितलं, मला आधीच माहीत असूनही मी पुन्हा ऐकलं.

पुस्तक मेपर्यंत आमच्याकडं होतं. एप्रिलमध्ये ती खेळण्यातली मोटार काढून पंखा करत होती. मेन स्विच बंद, किल्ली तिच्या गळ्यात, सहा वायरी चटईवर पसरलेल्या. उकाड्यानं तिला तिथंच झोप लागली. मी बाजूला बसले होते, घामानं पाठ भिजली होती. किल्ली तिच्या मानेच्या बाजूला आली होती, दोरा ढिला होता. वायरी मी मोजल्या, पाचच भरल्या. सहावी कुठं आहे ते दिसत नव्हतं. तिच्या अंगाखाली असेल, कदाचित भिंतीकडं गेली असेल. वाकून बघायला गेले तर ती जागी झाली असती. किल्ली काढायला एक बोट पुरलं असतं. दहा मिनिटं पंखा लावायचा आणि परत बंद करायचा, कुणाला कळलं नसतं.

मी हात मांडीवर ठेवला आणि पुठ्ठ्यानं तिला वारा घालत बसले. चारला ती उठली. सहावी वायर तिच्या दंडाखाली होती, तिथं कातडीवर वळ उठला होता. तिनं सहा मोजल्या, डब्यात टाकल्या, स्टूल घेऊन गेली आणि कुलूप काढलं. पंखा फिरायला लागला तेव्हा मी आधी तिचे हात कुठं आहेत ते बघितलं. अजूनही रोज बघते.